सर्व्हो कुरकुरतो तेव्हा

श्रोतेहो, वसंतातल्या अशा व्यासपीठावरून वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत थोर थोर विषयांचा ऊहापोह होत असतो. त्या पंक्तीत मी आज काडेपेटीएवढ्या एका डबीची कुरकुर घेऊन बसलो आहे. विषय लहान आहे खरा. पण ज्याच्या घरात रेडिओने उडणाऱ्या विमानाचे वेड शिरले आहे, त्याला तो लहान वाटणार नाही.

ही विमाने आता आपल्याकडे अपरिचित राहिलेली नाहीत. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमानांचे नमुने बांधणे नि उडवणे हा शिक्षणाचाच एक भाग आहे, आणि एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर हौशी मंडळी आपापली विमाने घेऊन जमलेली आपण पाहिली असतील. बघ्याला विमान दिसते, इंजिनाचा आवाज ऐकू येतो. त्या विमानाच्या पोटात बसून त्याचे एलिव्हेटर, एलेरॉन, रडर आणि इंजिनाचा थ्रॉटल हलवणारे चार-पाच सर्व्हो मात्र त्याला दिसत नाहीत, आणि विमान हवेत असताना ते कोणाला ऐकूही येत नाहीत. त्यांचे म्हणणे ऐकावयाचे ते विमान जमिनीवर असताना, इंजिन सुरू करण्यापूर्वी. ते ऐकून त्याचा अर्थ कसा लावावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

खेळण्याच्या गोष्टीचा एवढा खल कशाला, असे कोणी म्हणेल. पण तीन-चार किलो वजनाचे विमान ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने जात असते, आणि त्याच्या नाकाशी पंखा फिरत असतो. त्याच्या एलिव्हेटरचा सर्व्हो हवेत बंद पडला की ते विमान राहत नाही, फेकलेला धोंडा होतो; आणि मैदानाच्या कडेला मुले उभी असतात. म्हणून या कुरकुरीकडे काणाडोळा करणारा उडवय्या मला सुस्वभावी वाटत नाही, बेफिकीर वाटतो.

आता हा सर्व्हो म्हणजे काय? लॅटिन भाषेत ‘सर्व्हस’ म्हणजे दास. जोसेफ फार्को नावाच्या फ्रेंच अभियंत्याने वाफेवर चालणाऱ्या जहाजांचे सुकाणू फिरवण्यासाठी सांगकाम्या यंत्र तयार केले आणि १८७३ साली त्यावर पुस्तक लिहिले. ‘सर्व्हो-मोटर’ हे नाव त्याच्याकडून आले. विमानाच्या नमुन्यात ही युक्ती बऱ्याच उशिरा उतरली. अमेरिकेत मिशिगनमधील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७च्या सुमारास रेडिओने आपले ‘गफ’ नावाचे विमान उडवले. ते आज वॉशिंग्टनच्या हवाई व अंतराळ संग्रहालयात आहे. त्यानंतरची कित्येक वर्षे हौशी लोक पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर चालणारी एस्केपमेंट वापरत. बटण दाबले की रडर पूर्ण डावीकडे. पुन्हा दाबले की पूर्ण उजवीकडे. थोडेसे वळवण्याची सोय नव्हती. ‘थोडेसे’ म्हणजे किती, हे समजणारा सेवक साधारणपणे १९६०नंतरच्या दशकात हौशी लोकांच्या हाती आला. आपण हुकमाच्या किती जवळ आहोत हे एस्केपमेंटला कधी कळतच नसे, म्हणून ती कधी कुरकुरलीही नाही. कुरकुर आली ती या समजेबरोबर.

डबी उघडली तर आत चार गोष्टी सापडतात : एक चिमुकली मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारी दंतचक्रे, बाहेर निघालेल्या दांड्याबरोबर फिरणारा एक पोटेन्शिओमीटर, ज्याला कारागीर नुसते ‘पॉट’ म्हणतात, आणि या सर्वांवर देखरेख करणारी विजेची पाटी. बाहेरून तीन तारा येतात. दोन विजेच्या आणि तिसरी हुकमाची. हुकूम येतो तो विजेच्या ठोक्याच्या रूपाने, सेकंदाला सुमारे पन्नास वेळा. ठोका दीड मिलिसेकंद टिकला तर त्याचा अर्थ ‘मध्यावर राहा’. एक मिलिसेकंद टिकला तर एका टोकाला जा, दोन टिकला तर दुसऱ्या. या दोन टोकांत साधारण ९० अंशांचे अंतर असते. आपण या क्षणी कोठे आहोत हे पाटीला पॉट सांगतो. हुकूम आणि हजेरी यांत तफावत दिसली की पाटी मोटरीला वीज देते. तफावत मिटली की वीज बंद. सर्व्होची सगळी विद्या ती एवढीच.

गुणगुण कोठून येते ते आता सहज कळेल. तफावत मोठी असेल तर मोटर भर्रकन फिरते. तफावत अगदी थोडी, म्हणजे अंश-अर्ध्या अंशाची असेल, तर मोटरीला विजेचे छोटे छोटे धक्के मिळतात. चाके फिरवण्याइतका त्यांत दम नसतो, पण मोटरीला जागच्या जागी थरथरवण्याइतका असतो. साध्या, म्हणजे अ‍ॅनालॉग सर्व्होत हे धक्के हुकमाच्याच तालावर सेकंदाला पन्नासदा बसतात, म्हणून त्याची घरघर जाड्या आवाजाची. डिजिटल सर्व्होत तेच धक्के सेकंदाला तीनशेच्या घरात बसतात, म्हणून तो डासासारखा बारीक सुरात गुणगुणतो. दोघांचेही म्हणणे एकच असते : ‘मला जेथे पाठवले तेथे मी अजून पोचलेलो नाही.’ का पोचला नाही, कोणी अडवले, की त्याला सांगितलेलेच घटकेघटकेला बदलते आहे, की स्वतः कोठे उभा आहे हेच त्याला नीट दिसत नाही, एवढा शोध आपण घ्यावयाचा.

शोधाला लागण्यापूर्वी निरोगी आवाज कोणता ते ओळखून घ्यावे. डिजिटल सर्व्हो आपली जागा घट्ट धरून ठेवतो आणि तसे करताना थोडा गुणगुणतोच. नवे विमान घेतलेले लोक यालाच घाबरून दुकानदाराशी हुज्जत घालतात. पितळी वा पोलादी दात्यांचा सर्व्हो फिरताना नायलॉनच्या दात्यांपेक्षा जास्त करकरतो, तेही स्वाभाविक आहे. पंखाचा एलेरॉन बोटाने हलके दाबून पाहावा. सर्व्होने घुर्र करून विरोध केला पाहिजे. दाबूनही जो गप्प राहतो त्याची चिंता अधिक करावी, कारण मेलेला सर्व्होही अगदी शांत असतो. आणखी एक फसवणूक आहे. सर्व्हो पातळ प्लायवुडच्या फळीवर बसवलेला असतो, आणि विमानाचे पोकळ धड त्या आवाजाला तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखे काम देते. हातात धरल्यावर जो सर्व्हो जेमतेम ऐकू येतो, तोच विमानात बसला की खोलीभर वाजतो. तेव्हा नुसत्या मोठेपणावरून आवाजाची परीक्षा करू नये. काठीवरचा हात सोडल्यावरही, काहीएक कारण नसताना, तो टिकतो का ते पाहावे.

टिकत असेल तर पहिले काम एकच, आणि मला वाटते शंभरातल्या बहुतेक तक्रारी त्यातच उलगडतात. सर्व्होच्या हातापासून पुशरॉडची क्लेव्हिस काढावी. स्क्रू-ड्रायव्हर, नवा सर्व्हो, चार मित्रांची चार मते, हे सर्व त्यानंतर. क्लेव्हिस काढताच सर्व्हो शांत झाला, तर तो निर्दोष आहे. त्याच्यावर कोणीतरी ओझे लादले आहे. लोक करतात उलटेच. सर्व्होच दोषी धरून नवा आणतात, त्याच ओझ्याला जुंपतात, आणि तोही कुरकुरू लागला की त्या कारखान्याला नावे ठेवतात.

ओझे शोधताना मोकळी झालेली पाळ दोन बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हलवावी. ती आपल्याच वजनाने खाली पडावी इतकी सैल असली तर उत्तम. मध्येच कोठे अडखळत असेल तर बिजागरीत सरस शिरलेला असतो, किंवा बिजागऱ्या एका रेषेत नसतात. दरवाजाच्या बिजागऱ्या वाकड्या बसल्या तर दार जसे करकरते, तसेच हे. मग पुशरॉड पाहावा. नायलॉनच्या नळीत नळी घातलेला पुशरॉड वळण घेऊन नेला असेल तर तो वळणावर घासतो. शिवाय ऊन लागले की नायलॉन लांबते. आपल्याकडे चैत्र-वैशाखाच्या उन्हात विमान तासभर उघड्यावर ठेवले तर सकाळी मध्यावर असलेली पाळ दुपारी सरकलेली आढळते, आणि सकाळी शांत असलेला थ्रॉटलचा सर्व्हो दुपारी टोकाला टेकून घुरघुरू लागतो.

या थ्रॉटलबद्दल दोन शब्द अधिक सांगावयास हवेत, कारण गुन्हेगारांत याचाच नंबर पहिला. कार्ब्युरेटरची झडप पूर्ण मिटली की पुढे जाण्यास जागा नसते. सर्व्होला मात्र आणखी पाच अंश जाण्याचा हुकूम असतो. तो बिचारा भिंतीला खांदा लावून ढकलत उभा राहतो. याची किंमत बॅटरी मोजते. स्वस्थ बसलेला साधा सर्व्हो दहाएक मिलिअँपिअरपेक्षा फारशी वीज घेत नाही. पुरता अडवलेला सर्व्हो एक अँपिअरच्या आसपास खातो. बरीच वर्षे विमानात ६०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी बसवण्याचा प्रघात होता. अर्धवट अडलेला थ्रॉटल सतत ५०० मिलिअँपिअर घेऊ लागला, तर बाकीच्या सर्व्होंचे पोट भरून ती बॅटरी तासभरही टिकावयाची नाही, आणि ती संपते तेव्हा एलिव्हेटरही त्याच बॅटरीवर असतो. इलाज सोपा आहे. क्लेव्हिस सर्व्होच्या हातावर आतल्या छिद्रात घ्यावी म्हणजे धाव कमी होते. उरलेला फरक ट्रान्समीटरवर त्या बाजूची शेवटची मर्यादा आखडून काढावा. आधी छिद्र, मग मर्यादा, हा क्रम सोडू नये. मर्यादा फार आखडली तर सर्व्होच्या चालीचा अर्धाच भाग वापरला जातो आणि नेमकेपणा जातो.

एलिव्हेटर आणि एलेरॉन यांनाही हाच छिद्रांचा न्याय लागू आहे. सर्व्होच्या बाजूला आतले छिद्र आणि पाळीच्या हॉर्नवर बाहेरचे छिद्र, असे जोडले की सर्व्होला कमी जोर लावावा लागतो. विहिरीवरच्या ओकतीची लांब-आखूड बाजू ज्याने पाहिली आहे त्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. उत्साही मंडळी पाळ खूप हलावी म्हणून नेमके उलट जोडतात. मोठ्या विमानांत एलिव्हेटरच्या एकाच पाळीला दोन सर्व्हो लावण्याचीही पद्धत आहे. दोघांचे मध्य तंतोतंत जुळले नाहीत तर एक वर ओढतो, दुसरा खाली, आणि दोघेही दिवसभर गुरगुरतात. एकाची क्लेव्हिस काढताच दोघांचाही आवाज थांबला, तर भांडण त्या दोघांतले होते असे समजावे.

क्लेव्हिस काढूनही आवाज कायम असेल, तर दुसरी परीक्षा. सर्व्होची तार रिसीव्हरच्या त्या जागेतून काढून दुसऱ्या सर्व्होच्या जागी लावावी आणि त्या सर्व्होची याच्या जागी. आवाज सर्व्होबरोबर गेला तर रोग सर्व्होत. आवाज जागेवरच राहिला, म्हणजे चांगला सर्व्हो तेथे लावल्यावर तोही थरथरू लागला, तर हुकमातच खोट आहे. हुकूम निघतो ट्रान्समीटरच्या काठीपासून, आणि पुष्कळ ट्रान्समीटरांत त्या काठीखालीही पॉटच असतो.

पॉटचे दुखणे आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेले आहे. त्यासाठी विमान असण्याची गरज नाही. घरातल्या जुन्या रेडिओची आवाज लहान-मोठा करण्याची कळ फिरवताना विशिष्ट जागी खर्र-खर्र होई, आणि कळ थोडी पुढेमागे केली की थांबे. ती कळ म्हणजे पॉटच. त्यात विजेला अडवणारी एक पट्टी असते आणि तिच्यावरून एक स्पर्शक घासत जातो. नेहमीच्या वापराची जागा झिजते, तेथे धूळ साठते, आणि स्पर्श तुटक होतो. विमानाचा सर्व्हो बहुतेक वेळ मध्यावरच असतो, शिवाय इंजिनाच्या कंपनाने स्पर्शक त्याच जागी अहोरात्र घासत राहतो. म्हणून पट्टी नेमकी मध्यावर झिजते. परिणाम असा, की टोकांना शांत असणारा सर्व्हो मध्यावर आला की थरथरतो. हे लक्षण पक्के ध्यानात ठेवावे. कोणी वीज-संपर्क साफ करणारा फवारा आत मारतात आणि थरथर थांबतेही. रेडिओच्या कळीला हा उपाय ठीक आहे. तेथे फार तर गाणे खरखरेल. एलिव्हेटरच्या सर्व्होला तो करून विमान उडवणे मला मान्य नाही. पट्टीची झिजलेली जागा फवाऱ्याने भरून येत नाही.

दंतचक्रांचे दुखणे निराळे वाजते. सर्व्हो सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यावा. त्यासाठी सर्व्हो-टेस्टर नावाची छोटी पेटी मिळते, ती प्रत्येक हौशी माणसापाशी असावी. फिरताना एका ठरावीक जागी ‘कट्’ असा आवाज येत असेल आणि हात तेथे किंचित उडी घेत असेल, तर दाता तुटला आहे. बहुधा विमान उतरताना पाळ जमिनीवर आपटलेली असते. नायलॉनचे दाते असे तुटतात. धातूचे सहसा तुटत नाहीत, पण झिजतात, आणि मग सर्व्होचा हात सैल लागतो. सैल हात आवाज करीत नाही, परंतु वेगात पाळ फडफडू लागली तर ती फडफड क्षणार्धात पाळ उखडून नेते. बऱ्याच सर्व्होंसाठी दंतचक्रांचा संच सुटा मिळतो, तो बदलणे अवघड नाही. चाके कोणत्या क्रमाने बसली होती याचे चित्र काढण्यापूर्वीच कागदावर उतरवून घ्यावे. आत जुने वंगण काळे पडले असेल, किंवा मेथॅनॉलवर चालणाऱ्या इंजिनाच्या धुराड्यातून आलेले तेल शिरले असेल, तर ते पुसून नवे वंगण अगदी अल्प लावावे. थोडे चांगले म्हणून पुष्कळ अधिक चांगले, हे येथे खरे नाही.

सर्व्हो बसवण्याची पद्धतही पाहून घ्यावी. त्याच्या कानांत रबराच्या चकत्या घालतात आणि त्यांत पितळेची छोटी नळी. नळीची पसरट बाजू खाली, फळीकडे हवी. ती वर ठेवली, किंवा नळीच न घालता स्क्रू आवळून रबर चेपून टाकले, तर इंजिनाची सगळी थरथर पॉटला आणि दात्यांना पोचते, आणि वर सांगितलेल्या दोन्ही रोगांना आमंत्रण मिळते.

आतापर्यंत आपण एकच सर्व्हो बोलतो आहे असे धरले. सगळेच एकदम थरथरू लागले तर मात्र एकाही सर्व्होला हात लावू नये. पाचही गडी एकाच वेळी आजारी पडले तर माणूस विहिरीच्या पाण्याचा संशय घेतो. येथे विहीर म्हणजे बॅटरी, तिचे बटण, तिचे जोड, किंवा रेडिओ. बॅटरीचा दाब मोजावयाचा तो तिच्यावर भार टाकून. रिकामी बसलेली बॅटरी मीटरला हटकून चांगलेच सांगते. जुन्या निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांत काळी, म्हणजे ऋण तार आतून गंजून काळवंडते. वरचे आवरण सोलल्याशिवाय ते दिसत नाही. कोकणच्या दमट हवेत तर जोडांच्या पिनाही लवकर खराब होतात. विजेच्या मोटरीवर उडणाऱ्या विमानात सर्व्होंना वीज देण्याचे काम बीईसी नावाची पाटी करते. तिच्या ताकदीबाहेर सर्व्हो जोडले तर दाब कोसळतो.

रेडिओचे म्हणाल, तर २७ किंवा ७२ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या जुन्या संचांना बाहेरचा विजेचा गोंगाट फार जाणवे. धातूची क्लेव्हिस धातूच्या थ्रॉटलवर कंप पावत घासली तरी रिसीव्हर गोंधळे. म्हणून तेथे नायलॉनची क्लेव्हिस वापरीत. हल्लीच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचांनी ही कटकट बहुतांशी मिटवली, पण एक नवी दिली. दाब खूप खाली गेला की यांतला रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा जागा होतो. जुना संच थरथरून आगाऊ कळवी. नवा तसे काही कळवीत नाही. म्हणून नव्या संचाच्या विमानात बॅटरीची परीक्षा अधिक कडक हवी, कमी नव्हे. पेट्रोलच्या इंजिनाचा ठिणगी देणारा भाग असेल तर रोधक असलेला प्लग आणि जाळीने मढवलेली तार वापरावी, आणि रिसीव्हर त्यापासून जितका दूर बसेल तितका बसवावा.

चांगल्या बसवलेल्या सर्व्होकडून केवढे काम होते याचे एक उदाहरण देतो. ऑगस्ट २००३ मध्ये मेनार्ड हिल या वृद्ध अमेरिकन हौशी गृहस्थाने व त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूफाउंडलंडमधून सोडलेले पाच किलोंहून हलके विमान सुमारे ३००० किलोमीटर अटलांटिक ओलांडून आयर्लंडमध्ये उतरले. त्याला ३८ तास ५२ मिनिटे लागली. समुद्रावर ते स्वयंचलित मार्गदर्शनावर उडत होते, म्हणजे त्या सर्व वेळात त्याचे सर्व्हो किंचित किंचित हलतच राहिले असणार.

शेवटचा प्रश्न नेहमी खर्चाचा येतो : थरथरणारा सर्व्हो टाकून द्यावा काय? एलिव्हेटरवरून तो उतरवावाच. पण त्याचे हात, स्क्रू, रबरी चकत्या, तीन तारांची जोडणी, आणि धड असलेली दंतचक्रे एका डबीत जपून ठेवावीत. त्याच जातीच्या दुसऱ्या सर्व्होचा दाता तुटला की ती उपयोगी पडतात. उरलेली डबी घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला उघडावयास द्यावी, आणि ती चाके पुन्हा होती तशी बसवून दाखव म्हणावे.